टपावरचा तंबू की जमिनीवरचा? सिम्पसन वाळवंटाच्या निमित्ताने एक वादसंवाद

गाडीच्या टपावर बसवलेल्या कॅरिअरला, म्हणजे आडव्या दांड्यांच्या किंवा सपाट जाळीच्या सांगाड्याला, बोल्टांनी जखडलेला, प्रवासात मिटून ठेवलेला आणि मुक्कामी उघडून शिडीने वर चढून झोपण्यासाठी वापरला जाणारा तंबू म्हणजे टपावरचा तंबू. त्याचा आरंभ वाळवंटात किंवा अरण्यात झाला नाही, तर युरोपातील सुट्टीच्या हौसेतून झाला. इटलीतील ऑटोहोम या कंपनीचा 'माज्जोलिना' हा कठीण कवचाचा तंबू १९५८ पासूनचा आहे, आणि १९७० च्या दशकात पूर्व जर्मनीत २६ अश्वशक्तीच्या ट्राबांट या चिमुकल्या गाडीच्या टपावर बसेल असाही एक तंबू तयार होऊ लागला होता. पुढे दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्स्वाना आणि ऑस्ट्रेलिया या देशांत, चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या, म्हणजे फोर-बाय-फोर गाड्यांनी निर्मनुष्य प्रदेश ओलांडण्याची रीत रुळली आणि सुट्टीतली ही हौस दुर्गम प्रवासाचे साधन मानली जाऊ लागली. ते साधन खरोखर कितपत उपयोगी आहे, हा या लेखाचा विषय आहे.

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक मार्ग समोर ठेवणे इष्ट आहे. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी सिम्पसन हे वाळवंट पसरले असून त्यात एकमेकींना समांतर धावणाऱ्या अकराशेहून अधिक वाळूच्या टेकड्या आहेत. एडमंड कोल्सन यांनी १९३६ मध्ये पीटर एन्स या आदिवासी सोबत्यासह उंटांवरून ते ओलांडले, तर भूशास्त्रज्ञ रेग स्प्रिग यांनी १९६२ मध्ये पत्नी आणि दोन मुलांसह ते प्रथमच मोटारगाडीने पार केले. पश्चिमेकडील माउंट डेअरपासून पूर्वेकडील बर्ड्सव्हिलपर्यंत पाचशेहून अधिक किलोमीटर इंधन मिळत नाही. वाळवंटातील संरक्षित उद्याने १ डिसेंबर ते १५ मार्च या उन्हाळी काळात प्रवाशांसाठी बंद असतात, आणि हिवाळ्यात दिवस सुखद असले तरी रात्री पारा शून्याच्या आसपास उतरू शकतो. मेलबर्न आणि सिडनीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील हौशी प्रवाशांनाही हा मार्ग खुणावत असतो. तेव्हा या मार्गावर दोन माणसांनी जायचे आहे आणि झोपण्याची सोय ठरवायची आहे, असे धरून पुढील वाद मांडला आहे. त्यातील एका बाजूला टपपक्ष आणि दुसरीला भूमिपक्ष असे म्हटले असून ही नावे मतांची आहेत, व्यक्तींची नव्हेत. दोन्ही पक्षांना मार्गाची माहिती आहे आणि दोघांनाही एकमेकांविषयी आदर आहे, एवढे गृहीत धरले म्हणजे पुरे.

टपपक्ष : या प्रवासात मुक्काम रोज बदलतो. दिवसभर वाळूच्या टेकड्या चढून-उतरून अंग खिळखिळे झालेले असते, सूर्य मावळल्यावर थंडी झपाट्याने वाढते आणि अशा वेळी खुंट्या ठोकणे, दांड्या जुळवणे आणि गादीत हवा भरणे ही कामे नकोशी होतात. कठीण कवचाचा तंबू कड्या सोडल्या की दोन-तीन मिनिटांत उभा राहतो, गादी आणि पांघरूण त्यातच घडी होऊन राहत असल्याने गाडीच्या आतली जागा मोकळी होते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे झोपण्याचा पृष्ठभाग रोज तोच असतो. खाली दगड आहेत की स्पिनिफेक्स गवताचे टोकदार झुडूप, मुंग्यांची रांग आहे की परवाच्या पावसाने चिकट झालेला चिखल, याचा विचार करावा लागत नाही.

भूमिपक्ष : सोयीविषयी वाद नाही. प्रश्न सोयीच्या किमतीचा आहे, आणि ती किंमत पैशांत मोजायची नसून किलोग्रॅममध्ये मोजायची आहे. आपण ज्या गाडीवर हा तंबू चढवू पाहता तिच्या माहितीपुस्तिकेत टपावरील भाराची मर्यादा किती दिली आहे, हे आधी सांगावे.

भूमिपक्षाचा हा प्रश्न साधा दिसत असला तरी बहुतेक खरेदीदार येथेच अडखळतात, कारण टपाच्या भाराच्या मर्यादा दोन असतात आणि त्यांची सर्रास गल्लत केली जाते. गाडी चालू असताना टप जे वजन सुरक्षितपणे वाहू शकतो ती गतिमान मर्यादा, आणि गाडी उभी असताना तो जे वजन पेलू शकतो ती स्थिर मर्यादा. उभ्या गाडीवर तंबू, दोन माणसे आणि पांघरुणे मिळून दोनशे किलो सहज भरतात आणि धडधाकट टप ते पेलतो. चालत्या गाडीत मात्र प्रत्येक खड्ड्यागणिक आणि प्रत्येक ब्रेकसरशी तेच वजन वर-खाली आणि मागे-पुढे हिसके देते, म्हणून गतिमान मर्यादा फार कमी असते. नव्या लँड रोव्हर डिफेंडरचे आकडे या दृष्टीने बोलके आहेत : स्थिर मर्यादा ३०० किलो, गतिमान मर्यादा १६८ किलो, आणि खडतर वाटांसाठीचे टायर लावल्यास तीच गतिमान मर्यादा ११८ किलो. दुसऱ्या टोकाला सुझुकीची तीन दरवाजांची जिम्नी आहे. ऑस्ट्रेलियात तिच्या टपाची गतिमान मर्यादा ३० किलो दिली जाते. त्या ३० किलोंत कॅरिअरचे वजनही धरायचे असते, आणि दोन माणसांच्या कठीण कवचाच्या तंबूचे वजन साधारणपणे ६० ते ८० किलो असते. यापुढे त्या गाडीपुरता वाद उरत नाही. तरीही टपावर तंबू चढवलेल्या जिम्नीची छायाचित्रे जाहिरातींतून मिरवत असतात, ही बाब ग्राहकापेक्षा विक्रेत्याविषयी अधिक सांगते.

टपपक्ष : जिम्नीचा मुद्दा मान्य आहे. हलक्या गाडीवर हा तंबू चढवू नये, आणि कॅरिअर बनवणाऱ्या कंपन्या कच्च्या वाटेवर स्वतःच्याच कॅरिअरची क्षमता सुमारे दोन तृतीयांश धरायला सांगतात, हेही विसरू नये. पण सिम्पसनला जाणारे बहुतेक लोक मोठ्या गाड्या घेऊन जातात. तेथे 'तंबूमुळे गाडी कलंडेल' असे जे भय घातले जाते ते गणिताने तपासून पाहावे. सामानासह २,८०० किलो भरणारी एखादी गाडी घ्या. तिचा गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या बिंदूत सगळे वजन एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर आहे आणि डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १६० सेंटिमीटर आहे असे समजा. अशी गाडी कागदावर ४५ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडेल. आता तिच्या टपावर, जमिनीपासून २१० सेंटिमीटर उंचीवर, तंबू आणि कॅरिअर मिळून १०० किलो ठेवा. गुरुत्वमध्य साडेचार सेंटिमीटर वर सरकतो आणि कलंडण्याचा कोन सुमारे ४३.५ अंश होतो. दीड अंशासाठी एवढा गहजब कशाला?

भूमिपक्ष : गणित बरोबर आहे, पण ते उभ्या आणि ताठ गाडीचे आहे. प्रत्यक्षात स्प्रिंगा एका बाजूला दबतात, गाडीचे धूड उताराच्या दिशेला झुकते आणि गुरुत्वमध्य आडवाही सरकतो. शिवाय वाळूसाठी टायरमधील हवेचा दाब सोळा-अठरा पीएसआयपर्यंत उतरवलेला असतो, त्यामुळे टायरच्या भिंतीही त्याच बाजूला वाकतात. खरा कोन कागदावरल्या कोनापेक्षा कितीतरी लहान असतो, आणि त्या लहान कोनातून गेलेला दीड अंश अधिक जाणवतो. टेकडीवर कोणी हौसेने आडवे चालवत नाही हे खरे. सरळ चढायचे आणि सरळ उतरायचे, हा तेथला पहिला नियम आहे. पण चढ अर्ध्यावर सुटला, इंजिन दमले आणि चालक घाबरून गाडी सरळ मागे घेण्याऐवजी वळवू लागला, की आडवा उतार आपोआप वाट्याला येतो, आणि टपावरचे वजन त्याच क्षणी आपला हिशेब मागते.

टपपक्ष : तो दोष चालकाचा आहे, तंबूचा नव्हे.

भूमिपक्ष : दोष कोणाचा हे नंतर ठरवता येते. साधन निवडताना चालक चुकणार आहे असेच धरावे लागते.

या ठिकाणी दोन्ही पक्षांना अर्धे-अर्धे यश द्यावे लागते. जड आणि रुंद गाडीच्या बाबतीत कलंडण्याची भीती प्रमाणाबाहेर वाढवून सांगितली जाते. हलक्या गाडीच्या बाबतीत ती तितकीच प्रमाणाबाहेर कमी लेखली जाते. वरचेच गणित सामानासह १,३५० किलोंच्या, १४० सेंटिमीटर अंतराने चाके असलेल्या आणि ७२ सेंटिमीटरवर गुरुत्वमध्य असलेल्या गाडीसाठी करून पाहिले आणि तिच्या टपावर, १९० सेंटिमीटर उंचीवर, ८० किलो ठेवले, तर कोन ४४ अंशांवरून ४१.७ अंशांवर येतो, म्हणजे घट जवळजवळ अडीच अंशांची होते. परंतु या कोनांच्या वादात खरा मुद्दा झाकला जातो. तो एकूण वजनाचा आहे, आणि भूमिपक्षाने पुढे तोच हाती घेतला.

भूमिपक्ष : प्रत्येक गाडीला कमाल अनुमत एकूण वजन ठरवून दिलेले असते, गाडी, माणसे, इंधन, पाणी, सामान आणि नंतर बसवलेली उपकरणे मिळून ते वजन ओलांडायचे नसते. ऑस्ट्रेलियात ही कायद्याची मर्यादा असून तिला जीव्हीएम म्हणतात. टोयोटाच्या लँड क्रूझर २०० या दणकट गाडीचे जीव्हीएम ३,३५० किलो होते, आणि गाडीचे स्वतःचे वजन वजा केले की हाती सुमारे सहाशे किलो उरत. आता हिशेब करा. दोन माणसे १५० किलो. पाणी माणशी रोज दहा लिटर धरून सात दिवसांचे १४० लिटर, म्हणजे १४० किलो. पुढचा लोखंडी बंपर आणि विंच ९० किलो, जादा चाक ४०, फ्रिज आणि शिधा ६०, हत्यारे आणि रुतलेली गाडी काढण्याची सामग्री ५०, दुसरी बॅटरी ३०. बेरीज ५६० झाली, आणि टाकीबाहेरचे थेंबभर इंधनही अजून धरलेले नाही. येथे तंबू आणि कॅरिअर मिळून ९५ किलो कोठे बसवणार?

टपपक्ष : हा हिशेब एकतर्फी आहे. जमिनीवर झोपणाऱ्यालाही तंबू, गाद्या आणि पांघरुणे लागतातच. चांगला कॅनव्हासचा तंबू आणि गाद्या मिळून पंचवीस-तीस किलो होतात. कॅरिअर तर फावडे आणि वाळूत चाकाखाली घालायच्या पट्ट्या बांधायला बहुतेकांच्या टपावर आधीच असतो. तेव्हा खरा फरक पस्तीस-चाळीस किलोंचा आहे. शिवाय अधिक ताकदीच्या स्प्रिंगा बसवून आणि रीतसर प्रमाणपत्र घेऊन जीव्हीएम वाढवता येते.

भूमिपक्ष : जीव्हीएम वाढते, टपाची मर्यादा वाढत नाही. स्प्रिंगा खाली असतात, टपाचे खांब वर. आणि चाळीस किलो म्हणजे चाळीस लिटर पाणी. दोन माणसांचे दोन दिवस.

टपपक्षाने येथे उत्तर दिले नाही, आणि ते योग्यच झाले. पाणी आणि पलंग यांची अशी थेट देवघेव क्वचितच करावी लागते, पण ज्या प्रदेशात पुढचे पाणी कोठे मिळेल हे निश्चित नसते तेथे प्रत्येक किलो कशाच्या बदल्यात उचलला आहे याचे उत्तर तयार असावे लागते. या वाळवंटात वांगकांगुरू लोक 'मिकिरी' नावाच्या, हाताने खणलेल्या खोल विहिरींच्या आधाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत राहत होते. पाणी जेथे, वस्ती तेथे, असा त्यांचा क्रम होता. आजचा प्रवासी तो क्रम उलटा करून पाणी स्वतःबरोबर नेतो आणि म्हणूनच त्याला वजनकाट्याचे बंधन येते.

वजनाइतकीच, पण कमी चर्चिली जाणारी बाब कंपनांची आहे. कच्च्या रस्त्यावर वाहनांच्या वर्दळीने आडव्या, बारीक लाटा उमटतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील सुमारे १,८५० किलोमीटरच्या कॅनिंग स्टॉक रूटवर अशा लाटा मैलोन्‌मैल सोबत करतात. त्यांवरून धावताना टपावरच्या सांगाड्याला क्षणाक्षणाला धक्के बसतात, आणि एका धक्क्याने न मोडणारा धातू हजारो लहान धक्क्यांनी थकून तडकतो. त्यामुळे कॅरिअरचे बोल्ट आणि तंबूखालच्या पट्ट्या रोज संध्याकाळी हाताने तपासाव्यात, या सल्ल्यावर दोन्ही पक्षांचे एकमत झाले. त्यानंतर वाद रंगला तो वन्य प्राण्यांवरून.

टपपक्ष : आफ्रिकेतील अनुभव लक्षात घ्यावा. बोट्स्वानातील मोरेमी अभयारण्यात किंवा मध्य कलहारीत मुक्कामाच्या जागांना कुंपण नसते. सिंह, तरस आणि हत्ती रात्री तंबूंच्या मधून जातात. नामिबियातील विंडहुक आणि बोट्स्वानातील माऊन येथे भाड्याने मिळणाऱ्या टोयोटा हायलक्सच्या टपावर तंबू बसवलेलेच असतात, ते काही उगाच नव्हे.

भूमिपक्ष : भाड्याच्या गाडीवर तंबू असतो तो परदेशातून विमानाने आलेल्या पाहुण्याला सामान आणावे लागू नये म्हणून. सुरक्षिततेचे म्हणाल, तर नीट बंद केलेल्या जमिनीवरच्या तंबूकडे सिंह सहसा एक घन वस्तू म्हणून पाहतात आणि वळसा घालून जातात. टपावरचे कापड आणि जमिनीवरचे कापड सारखेच पातळ असते. मोठ्या नर हत्तीचा खांदा तीन मीटरहून उंच असतो, तेव्हा दोन मीटरवर झोपलेला माणूस त्याच्या सोंडेच्या टप्प्याबाहेर जात नाही. धोका कोठे असेल तर मध्यरात्री लघवीसाठी खाली उतरण्यात आहे, आणि ती शिडी टपपक्षालाच उतरावी लागते.

प्राण्यांचा युक्तिवाद टपपक्षाचा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत दुबळा युक्तिवाद आहे. उंचीमुळे विंचू, साप आणि मुंग्या यांपासून आराम मिळतो, यात संशय नाही. पण ज्या प्राण्यांची भीती दाखवून तंबू विकला जातो त्यांच्यापासूनचे संरक्षण कापडाच्या उंचीने मिळत नसून वागण्याच्या शिस्तीने मिळते : तंबूत खाद्यपदार्थ न ठेवणे, चेन पूर्ण लावणे, रात्री उगाच न उतरणे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडे खाऱ्या पाण्यातील मगरींविषयी शासकीय सूचना पाण्याच्या काठापासून किमान पन्नास मीटर दूर आणि पाण्याच्या पातळीपेक्षा दोन मीटर वर मुक्काम करण्याची आहे. टपावर झोपणाऱ्याला त्या सूचनेतून सूट मिळत नाही. काठाशी उभ्या केलेल्या गाडीतून तोही खाली उतरतोच. सिम्पसनमध्ये तर मोठा हिंस्र पशू नाही. तेथे रात्री बाहेर ठेवलेले बूट डिंगो हा रानकुत्रा पळवतो, एवढेच.

भूमिपक्षाचा सर्वांत वजनदार आक्षेप यापुढे येतो, आणि तो वजनाशी मुळीच संबंधित नाही.

भूमिपक्ष : विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते असे म्हणतात, पण विंचवाला ते बिऱ्हाड उतरवून ठेवता येत नाही, हे कोणी सांगत नाही. टपावर घर बांधले की गाडी आणि घर एक होते. मुक्काम ठेवून गाडी घेऊन कोठे जायचे असेल तर घर आधी मिटावे लागते. मोरेमीत पहाटे प्राणी पाहायला निघायचे तर दवाने ओला झालेला तंबू तसाच मिटवावा लागतो, आणि दिवसभर बंद राहिलेली ती ओल संध्याकाळी गादीवर भेटते. गाडी तिरप्या जागी रुतली, अंधार पडला आणि काढण्याचे काम उद्यावर गेले, तर टपावरचा बिछानाही तितकाच तिरपा होतो. जमिनीवरचा माणूस दहा पावले पलीकडे सपाट जागा शोधतो. आणि रात्री कोणी अत्यवस्थ झाले, उपग्रह फोनवरून डॉक्टरांनी धावपट्टीपर्यंत या असे सांगितले, तर जमिनीवरचा तंबू तेथेच टाकून निघता येते.

टपपक्ष : शेवटचा मुद्दा उलटाही फिरतो. रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसचे विमान १९२८ पासून ऑस्ट्रेलियाच्या दुर्गम भागात आजाऱ्यांपर्यंत पोहोचते आहे, पण विमान उतरेल त्या जागेपर्यंत जायला गाडीच लागते, हे बरोबर. कठीण कवचाचा तंबू दोन-तीन मिनिटांत मिटतो आणि निघाल्यावर निवाराही बरोबर येतो. टाकून दिलेल्या तंबूवाल्याला पुढची रात्र उघड्यावर काढावी लागते. तिरप्या बिछान्याचा आक्षेप मात्र खरा आहे; तो चाकाखाली खळगा खणून किंवा फळी घालून सोडवता येतो, पण रुतलेल्या गाडीला ते जमत नाही. आणि सिम्पसनमध्ये मुक्काम ठेवून फिरायला जाण्यासारखे असते काय? पॉपेल कॉर्नरचा खांब, जेथे क्वीन्सलँड, दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी यांच्या सीमा मिळतात, तो वाटेवरच लागतो. रोज उठायचे, मिटायचे, पूर्वेला निघायचे. गाडी आणि घर एक झाल्याने तेथे काही बिघडत नाही.

येथे वादाचा कणा हाती लागतो. टपावरच्या तंबूची उपयुक्तता प्राण्यांवर किंवा आरामावर अवलंबून नसून मुक्कामाच्या लयीवर अवलंबून आहे. जो प्रवास रेषेसारखा पुढे सरकतो, ज्यात एका जागी एकच रात्र काढायची असते, त्यात रोजचे दोन्ही वेळचे श्रम वाचतात आणि गाडी-घर एक असण्याचा त्रास जवळजवळ शून्य होतो. जो प्रवास एका तळाभोवती फिरतो, जसे की तीन रात्री एकाच जागी राहून आसपासचा परिसर पाहणे, त्यात तोच तंबू पायातील बेडी बनतो. सिम्पसनचा मार्ग पहिल्या प्रकारचा आहे आणि बोट्स्वानातील अभयारण्ये बहुतांशी दुसऱ्या प्रकारची आहेत. तरीही बोट्स्वानाच्या नावाने तंबू खपतात, हे बाजाराच्या रीतीला धरूनच आहे.

वय आणि मुले यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही : गुडघे दुखणाऱ्याने आणि लहान मूल रात्री उठते अशा कुटुंबाने शिडीचा विचार दिवसा, शांतपणे करावा.

तंबू टपावरच घ्यायचा असे ठरल्यावर प्रकाराचा प्रश्न येतो आणि त्याबाबत टपपक्षाचे म्हणणे भूमिपक्षाने फारसा विरोध न करता ऐकून घेतले. मऊ आवरणाचा तंबू पुस्तकासारखा उलगडतो, त्याचा अर्धा भाग गाडीबाहेर शिडीच्या आधाराने तरंगतो आणि त्यामुळे टपावर कमी जागा व्यापूनही झोपायला दुप्पट जागा मिळते. पण तो उभारायला वेळ लागतो, त्याचे सैल कापड वाऱ्यात फडफडते आणि प्रवासात त्यावरचे आवरण धूळ आत घेते. कठीण कवचाचा तंबू एकतर चारही बाजूंनी सरळ वर उचलला जातो किंवा पाचरीसारखा एका बाजूने उघडतो. पाचरीची निमुळती बाजू वाऱ्याकडे करून गाडी उभी केली की तो वाऱ्यापुढे टिकतो. त्याची मिटलेली लांबी-रुंदी हीच झोपण्याची जागा असल्याने दोन धिप्पाड माणसांना तो अडचणीचा होतो. रोज हलणाऱ्या प्रवासासाठी कठीण कवच, आणि वर्षातून एखाद्या सहलीला जाणाऱ्या कुटुंबासाठी मऊ आवरण, असा साधारण निवाडा देता येतो. कापडात सुती धाग्याचे मिश्रण असलेले जाड कॅनव्हास श्वास घेते, त्यामुळे थंडीत आतल्या बाजूने साचणारे दवाचे थेंब कमी होतात. मात्र ते जड असते आणि पहिल्या वापराआधी भिजवून वाळवावे लागते, म्हणजे धागे फुगून शिवणीची छिद्रे बुजतात. गादीखाली हवा खेळवणारी जाळी नसेल तर फळीवर ओल साचते आणि बुरशी धरते. तंबूत शेगडी किंवा गॅसचा हीटर पेटवू नये, कारण अपुऱ्या हवेत जळणाऱ्या इंधनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंग-वास नसल्यामुळे झोपलेल्या माणसाला जागा करत नाही. हा नियम दोन्ही तंबूंना लागू आहे.

टपावरच्या तंबूचा आणखी एक भार आहे, तो वाऱ्याचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. त्यामुळे वाळवंटातील मंद चालीत तंबू फारसे इंधन खात नाही, पण वाळवंटापर्यंत नेणाऱ्या हजार-दोन हजार किलोमीटरच्या महामार्गावर तो ताशी शंभराच्या वेगाने इंधन खात राहतो. टपपक्षाच्या हिशेबात हा खर्च बहुधा नसतो.

भारतापुरते पाहायचे तर परिस्थिती वेगळी आहे आणि ती टपपक्षाला फारशी अनुकूल नाही. नाशिकच्या कारखान्यात बनणाऱ्या महिंद्रा थारचे मऊ आच्छादनाचे रूप तंबू पेलण्यासाठी नाहीच, आणि येथल्या इतर लोकप्रिय फोर-बाय-फोर गाड्यांपैकी काहींची बांधणी हलकी आहे. लडाखमधील चांगथांगच्या पठारावर, साडेचार हजार मीटरच्या आसपास, वारा रात्रभर वाहतो आणि टपावरच्या तंबूच्या फळीखालूनही तो वाहतो, त्यामुळे गादीला खालूनही थंडी बसते. जमिनीवरचा तंबू दगडी बांधाच्या किंवा गाडीच्या आडोशाला लावता येतो. उलट, पावसाळ्यातील सह्याद्रीत, जेथे जमीन तुडुंब भिजलेली आणि जळवांनी भरलेली असते, टपावरच्या कोरड्या फळीचे मोल खरोखर मोठे आहे.

भूमिपक्ष : म्हणजे शेवटी टपपक्षच जिंकला असे समजायचे काय?

टपपक्ष : जड गाडीवर, रोज हलणाऱ्या प्रवासात आणि पाण्याचा हिशेब आधी जुळवून, एवढ्या अटी मान्य असतील तर होय.

भूमिपक्ष : त्या अटींसह आक्षेप उरत नाही.

अटी मात्र क्रमाने तपासाव्या लागतात आणि तंबू त्या क्रमात शेवटी येतो. खरेदीपूर्वी गाडीत माणसे, भरलेली टाकी, पाणी आणि सगळे सामान घालून ती ट्रकांचे वजन करणाऱ्या काट्यावर न्यावी, मिळालेली पावती माहितीपुस्तिकेतील एकूण वजनाशी ताडून पाहावी, टपाच्या गतिमान मर्यादेतून कॅरिअरचे वजन वजा करावे आणि उरलेला आकडा कच्च्या वाटेसाठी दोन तृतीयांश करावा. जो आकडा हाती येईल त्यापेक्षा तंबू जड असेल, तर जमिनीवर झोपावे.